घशात मेनिंगोकोकस सापडला, आता काय?

प्रश्न गोव्यातल्या एका इस्पितळाच्या आयसीयूत काम करणाऱ्या परिचारिकेचा आहे. विभागात मेनिंगोकोकल मेनिंजायटिसचा, म्हणजे मेनिंगोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा, तरुण रुग्ण दाखल झाला. चौथ्या दिवशी झाडून सगळ्या स्टाफचे घशाचे स्वॅब घेतले. तिचा आणि एका वॉर्डबॉयचा ‘पॉझिटिव्ह’ आला आणि दोघांना घरी बसवलं. घरी अकरा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ आहे. चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आली आहे, आणि सासूबाईंनी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) सामानाला हात लावू नको म्हणून बजावलंय. ती विचारते, मला आजार झालाय का? बाळाला औषध द्यायचं का? आणि आता सगळ्या स्टाफला सिप्रो या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटताहेत, ते बरोबर आहे का?

सिस्टर, तुम्हाला आजार झालेला नाही. बाळाला औषध नको, अंगावर पाजणं सुरू ठेवा, माटोळी खुशाल बांधा. तुम्हाला घरी बसवायचं कारण नव्हतं, आणि तो स्वॅब मुळात घ्यायलाच नको होता. गोळ्या सरसकट वाटणं चूक आहे. पण तुमच्यातल्या दोघा-चौघांना औषध पहिल्याच दिवशी मिळायला हवं होतं आणि स्वॅबच्या गडबडीत नेमकं तेच राहून गेलं असणार. म्हणून हे उत्तर लांबतंय.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द चार आजारांना चिकटवतात. जपानी मेंदूज्वर गोव्याला नवा नाही, पण तो विषाणूचा आजार आहे, क्युलेक्स डासामुळे होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह, आणि तो विषाणू, क्षयजंतू, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस अशा अनेकांमुळे होतो. यांतल्या फक्त दोन जंतूंसाठी संपर्कातल्या लोकांना औषध द्यायचा विचार करतात. एक मेनिंगोकोकस, दुसरा हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी), आणि हिबमध्येही घरात लस न झालेलं लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेलं माणूस असेल तरच. न्यूमोकोकस लहान मुलांच्या नाका-घशात सर्रास असतो, त्यासाठी स्टाफला काहीच द्यायचं नसतं. तेव्हा वॉर्डात कुजबुज सुरू झाली की पहिला फोन लॅबला करावा आणि पाठीच्या पाण्याची ग्रॅम स्लाइड (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काच) काय सांगते ते विचारावं. राजम्याचे दोन दाणे चपट्या बाजूंनी समोरासमोर ठेवावेत तशा गुलाबी जोड्या, बऱ्याचशा पांढऱ्या पेशींच्या पोटात, दिसल्या तर मेनिंगोकोकस. जांभळ्या, टोकाला निमुळत्या जोड्या म्हणजे न्यूमोकोकस. तासाभरात मिळणारं हे उत्तर अर्धी भीती घालवतं.

आता वाहक असण्याबद्दल, म्हणजे आजार नसताना घशात जंतू बाळगण्याबद्दल. मेनिंगोकोकसला राहायला माणसाखेरीज दुसरं घर नाही. नाकामागे, घशाच्या वरच्या भागात तो बिऱ्हाड करतो, काही महिने राहतो आणि बहुतेक वेळा आपला आपण निघून जातो. साधारण दहातल्या एका प्रौढाच्या घशात तो कोणत्याही वेळी सापडतो. वयाप्रमाणे हे प्रमाण बदलतं. प्रामुख्याने युरोपातल्या पाहण्यांत तान्ह्या मुलांत ते ५ टक्क्यांच्या आत, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त म्हणजे २४ टक्क्यांच्या घरात, आणि पन्नाशीला पुन्हा ८ टक्क्यांवर आलेलं दिसतं. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात १९९७ साली वसतिगृहात नव्याने राहायला आलेल्या विद्यार्थ्यांचे स्वॅब घेतले, तेव्हा पहिल्या दिवशी ७ टक्के वाहक होते आणि चौथ्या दिवशी २३ टक्के. दाटीवाटी, धूम्रपान, चुंबन, रात्रीच्या बैठका या सगळ्यांनी वाहक वाढतात. म्हणजे वाहकच हुडकायचे तर आयसीयूच्या आधी इंटर्न आणि नर्सिंगच्या मुलींची होस्टेलं तपासावी लागतील, आणि तिथे ते भरपूर सापडतील.

सापडलेल्यांतले बरेच जंतू बिनविषारी असतात. मेनिंगोकोकसची रक्तात शिरायची ताकद त्याच्या बाहेरच्या साखरेच्या कवचात असते. ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय हे गट त्या कवचावरून पडतात. घशात सुखाने राहणाऱ्या अनेक जंतूंनी हे कवच टाकलेलं असतं, काहींत तर त्याची जनुकंच नसतात. आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. आजार व्हायचाच असेल तर तो जंतू घशात नव्याने आल्यावर पहिल्या काही दिवसांत होतो. जो महिनाभर वाहक आहे त्याच्या शरीराने तोवर प्रतिपिंडं तयार केलेली असतात. त्यामुळे जुना वाहक स्वतःपुरता उलट सुरक्षित असतो.

तुमचा रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. त्यावर नुसतं ‘नायसेरिया प्रजाती’ लिहिलंय की ‘नायसेरिया मेनिंजायटिडिस’, म्हणजे मेनिंगोकोकसचं शास्त्रीय नाव? पहिलं असेल तर ते जवळजवळ प्रत्येक निरोगी घशात मिळतं, विषय संपला. दुसरं असेल तर ओळख कशावरून पटवली ते विचारा. नायसेरिया लॅक्टामिका हा निरुपद्रवी भाऊ त्याच माध्यमावर तशाच वसाहती करतो. तो लॅक्टोज मोडतो, मेनिंगोकोकस फक्त ग्लुकोज आणि माल्टोज मोडतो. लॅक्टोज मोडणारं विकर दाखवणारी ओएनपीजी चाचणी केली की फरक कळतो. प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या माल्डी-टॉफ यंत्रावर विसंबलेल्या लॅबनेही सावध राहावं, घशातल्या इतर नायसेरियांना मेनिंगोकोकस ठरवण्याची चूक या यंत्रांकडून झालेली आहे. मग गट कोणता? रुग्णाचा ए आणि तुमचा ‘गट पडत नाही’ असा असेल तर दोघांचा बहुधा संबंध नाही. गट तोच निघाला तरी तुमच्याकडून रुग्णाला गेला, रुग्णाकडून तुम्हाला आला, की दोघांना तिसऱ्याकडून मिळाला, हे चौथ्या दिवसाचा स्वॅब सांगू शकत नाही. निगेटिव्ह आलेल्यांनीही हुरळून जाऊ नये, एका स्वॅबमध्ये बरेच वाहक निसटतात.

आता जे व्हायला हवं होतं ते. घसा कोणाचा पॉझिटिव्ह हे शोधण्यापेक्षा त्या तासात रुग्णाच्या तोंडासमोर, मास्कशिवाय, कोण होतं हे शोधायचं असतं. धोका मोठ्या थेंबांचा आहे, साधारण मीटरभर अंतरातला, आणि लागू पडणारं अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास होईपर्यंतचा. घरातल्या माणसांना हा आजार होण्याचा धोका इतरांच्या ५०० पटींहून जास्त असतो. इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांचा खूप कमी. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ ते १९९६ या १५ वर्षांत रुग्णाकडून लागण झालेले असे फक्त तीन कर्मचारी सापडले, आणि तिघांचाही संपर्क रुग्ण दाखल होण्याच्या वेळचा होता. तरी सर्वसाधारण माणसाच्या तुलनेत हा धोका सुमारे २५ पट भरतो. म्हणून या थोड्या लोकांना हेरून औषध द्यायचं, बाकीच्यांना नाही.

हेरायचं असं. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने रुग्णाचा प्रवास वेळेसकट कागदावर मांडायचा: १०८ ची गाडी, कॅज्युअल्टी, सीटी स्कॅन, आयसीयू, आणि पहिला अँटिबायोटिकचा डोस किती वाजता गेला. त्या डोसनंतरच्या २४ तासांवर रेघ मारायची. रेघेच्या अलीकडे, मास्कशिवाय, कोणी श्वासनळीत नळी घातली, कोणी सक्शन केलं (तोंडा-घशातला स्राव ओढून काढला), कोणी तोंडाने श्वास दिला, कोणाच्या तोंडावर-डोळ्यांवर रुग्ण थेट खोकला किंवा त्याची उलटी उडाली, एवढंच विचारायचं. ड्युटी रोस्टरवरून नावं उचलू नका, रोस्टरवर २२ जणं असतात आणि रुग्णाच्या डोक्याशी तिघं. दोन माणसं नेहमी सुटतात: रुग्णवाहिकेत बॅग दाबत आलेला कर्मचारी आणि सक्शनची बरणी रिकामी करणारा सफाई कामगार. दुसऱ्या टोकाला भूल देणारे, फिजिशियन, रेडिओलॉजीचे तंत्रज्ञ ‘आम्हालाही द्या’ म्हणत येतात. बीपी घेतलं, सलाइन लावलं, चादर बदलली, स्ट्रेचर ढकललं, खोलीच्या दारात उभं राहिलं, याला औषध नाही. मास्क नीट लावून नळी घातली असेल तरीही नाही.

औषध शक्यतो २४ तासांत. दोन आठवडे उलटल्यावर देण्यात अर्थ नाही. स्वॅबचा निकाल यायलाच दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे निकाल पाहून औषध ठरवायचं म्हटलं की मोक्याची वेळ हातची गेलीच. ज्याचा असा संपर्क आला त्याला स्वॅब न घेता औषध द्यायचं, ज्याचा आला नाही त्याला स्वॅब कसाही आला तरी द्यायचं नाही. मग स्वॅबने बदललं काय?

प्रौढांसाठी तीन मुख्य पर्याय. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० मिलिग्रॅम तोंडाने, एकच डोस. रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी, असे चार डोस. सेफ्ट्रिॲक्सोन २५० मिलिग्रॅम स्नायूत, एकदाच. पुस्तकांत सिप्रो पहिलं असतं कारण ते सोपं आहे. आपल्याकडे मात्र डोळे मिटून त्यावर विसंबू नये. २००५ च्या दिल्लीच्या साथीत गट ए चे जंतू सिप्रोला दाद देत नव्हते. रुग्णाचा जंतू लॅबच्या प्लेटवर वाढला असेल तर लॅबकडून नालिडिक्सिक ॲसिडच्या ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीचा निकाल मागा, सिप्रोचा प्रतिकार तिथे आधी दिसतो. जंतू वाढलाच नसेल, आणि बाहेर आधीच अँटिबायोटिक दिलेलं असलं की तो बहुधा वाढत नाही, तर माझा कल सेफ्ट्रिॲक्सोनकडे. यादी नीट केली तर द्यायचं असतं चार-पाच जणांनाच, सुई परवडते. लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) कालवून दिलं तर फारसं दुखत नाही. पण लिग्नोकेन घातलेली ती सिरिंज चुकूनही शिरेत जाता कामा नये. गरोदर कर्मचाऱ्यांनाही हेच चालतं. सिप्रो दिलंच तर दूध, ताक, लोहाच्या गोळ्या आणि पोटातल्या आम्लावरची पातळ औषधं यांच्यापासून दोन तास दूर ठेवा, नाहीतर आतड्यात ते बांधलं जातं.

रिफाम्पिसिन मी शेवटी ठेवतो. लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगतात, गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्याचं गणित बिघडतं. जंतू त्याला लवकर निर्ढावतात. शिवाय इस्पितळात हाताशी असतात त्या क्षयरोग कार्यक्रमाच्या गोळ्या, आणि त्यांत रिफाम्पिसिनच्या जोडीला आयसोनियाझिड आणि इतर औषधं एकत्र असतात. त्या यासाठी वापरायच्या नाहीत.

औषध घेतलेल्यांनाही हे सांगून ठेवा की संपर्कापासून पुढचे दहा दिवस ताप आणि डोकेदुखी एकदम चढली, मान आखडली, उलट्या झाल्या किंवा अंगावर दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर ड्युटी संपायची वाट पाहायची नाही. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून पाहतात. सावळ्या कातडीवर ठिपके दिसत नसतील तर तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीची आतली बाजू बघा. रुग्णाचे उपचार पेनिसिलिनने झाले असतील तर घरी सोडण्याआधी त्याला वरचं एखादं औषध द्यायला विसरू नका. पेनिसिलिन आजार बरा करतं, घशातलं बिऱ्हाड हलवत नाही. सेफ्ट्रिॲक्सोनने उपचार झाले असतील तर ही भानगड नाही.

सरसकट वाटपाचं नुकसान दिसत नाही म्हणून ते लोकांना फुकट वाटतं. गोळ्यांबरोबर लॅक्टामिकाही मरतो, आणि तो घशात असला की मेनिंगोकोकसला जागा मिळणं अवघड जातं. मोकळ्या घशात पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा कोणी तरी येऊन बसतोच. दोनशे जणांत सिप्रो वाटलं की आतड्यातल्या जंतूंचा प्रतिकार वाढतो, आणि तो शेवटी त्याच आयसीयूतल्या युरिन कॅथेटरवर उगवतो. फक्त वाहक म्हणून कोणाला कामावरून दूर ठेवायला शास्त्राचा आधार नाही.

वाहकांची मोजणी करणं कधीच योग्य नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर ग्लोव्हर यांनी इंग्लंडच्या कॅटरहॅम छावणीत सैनिकांचे स्वॅब घेतले आणि खाटा एकमेकींपासून लांब केल्यावर वाहक घटल्याचं दाखवलं. वाहक २० टक्क्यांच्या वर गेले की साथ येणार असा त्यांचा अंदाज मात्र पुढे टिकला नाही, वाहक भरमसाट आणि रुग्ण एकही नाही अशा छावण्या नंतर दिसल्या. आज मोजणी करतात ती लसीचा परिणाम बघायला किंवा एका संस्थेत पाठोपाठ रुग्ण निघाले तर. तशी वेळ आली तर ती धड करावी. स्वॅब नाकातून नाही, तोंडातून घ्यायचा. जीभ दाबून, पडजिभेच्या मागून वर वळवून, घशाच्या मागच्या भिंतीवर फिरवायचा. जीभ, गाल, दात यांना लागला तर लाळेतले जंतू सगळी प्लेट व्यापतात. सर्वांत चांगलं म्हणजे तिथल्या तिथे निवडक माध्यमावर (इतर जंतू दाबणाऱ्या प्लेटवर) लावणं, व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन, निस्टॅटिन घातलेलं थेअर-मार्टिन. प्लेट फ्रिजमधून थेट काढून वापरू नये, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

इथे गोव्यात चूक होते ती वाहतुकीत. काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, नमुना निघतो आणि कोणी तरी तो काळजीने लसीच्या बर्फाच्या पेटीत ठेवतं. थंडीने मेनिंगोकोकस मरतो. कोळसा घातलेल्या अमीज या वाहतुकीच्या माध्यमात, खोलीच्या तापमानाला, उन्हात उभ्या गाडीत न ठेवता, त्याच दिवशी पोचवायचा. लॅबमध्ये ३५ ते ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. यंत्र नसेल तर झाकणबंद बरणीत बिनवासाची पांढरी मेणबत्ती लावावी आणि तळाशी ओला कापूस ठेवावा. मेणबत्ती विझते तोवर पुरेसा वायू तयार होतो. प्लेटसाठी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त वापरू नये, दात्याच्या प्रतिपिंडांनी वाढ दबते. जंतूची ओळख पटवणाऱ्या ऑक्सिडेज चाचणीला निक्रोमची तार नको, तिने खोटा जांभळा रंग येतो, प्लॅटिनमची किंवा लाकडी काडी घ्यावी. रुग्णाच्या रक्तातून किंवा पाठीच्या पाण्यातून वाढलेला जंतू हाताळताना मात्र उघड्या टेबलावर काम करायचं नाही, सेफ्टी कॅबिनेटमध्येच. घशातल्या वाहकांना घाबरणाऱ्या इस्पितळात हा तंत्रज्ञ विसरला जातो, आणि नोकरीमुळे ज्याला खरोखर लस लागते असा माणूस तोच आहे.

लसीचं सांगायचं तर जंतूच्या कवचातल्या साखरेला प्रथिन जोडलेली एसीडब्ल्यूवाय लस भारतात खासगीत मिळते. हजला जाणाऱ्यांना ती बंधनकारक आहे, म्हणून गोव्यातले हाजी तिला ओळखतात. जुनी नुसत्या साखरेची लस घशातला जंतू फारसा हलवत नाही, जोडलेली लस हलवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली गट ए ची मेनआफ्रिव्हॅक २०१० साली बुर्किना फासोत द्यायला सुरुवात झाली आणि ज्यांनी ती टोचून घेतली नव्हती त्यांच्या घशातूनही गट ए जवळजवळ नाहीसा झाला. गट बी ची प्रथिनांची लस टोचून घेणाऱ्याला वाचवते, पण वाहक कमी करत नाही. वॉर्डातल्या सर्व स्टाफला लस द्यायची गरज नाही. लॅबचा तंत्रज्ञ, प्लीहा काढलेले किंवा कॉम्प्लिमेंटची (रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रथिनांची) कमतरता असलेले कर्मचारी, एवढ्यांना द्या.

आता शेवटचा मुद्दा, ज्यावर मला स्वॅबपेक्षा जास्त चर्चा हवी होती. कर्मचाऱ्याच्या तोंडातून रुग्णाला मेनिंजायटिस होतो हे खरं आहे, फक्त जंतू वेगळा. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या लाळेत स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियस असतो. मणक्यात सुई घालताना मास्कशिवाय बोललं की त्याचे थेंब सुईवर किंवा कातडीवर पडतात. अमेरिकेत २००८-०९ मध्ये ओहायो आणि न्यूयॉर्कमध्ये बाळंतपणासाठी स्पायनल भूल दिलेल्या पाच स्त्रियांना असा मेनिंजायटिस झाला, त्यांतली एक दगावली. ओहायोच्या प्रकरणात भूल देणाऱ्याने मास्क लावला नव्हता. लंबर पंक्चर (एलपी, म्हणजे पाठीचं पाणी काढणं) करताना हातमोजे सगळे घालतात; मास्क मात्र ‘पाठीकडूनच तर करायचंय’ म्हणून हनुवटीवर असतो, आणि सिस्टर रुग्णाला धरून, त्याच्या पाठीवर वाकून, डॉक्टरांशी बोलत असते. आयसीयूच्या एलपी ट्रॉलीवर स्पिरिट-बीटाडीनच्या शेजारी मास्कचा डबा ठेवा. सुई घालणाऱ्याने, रुग्ण धरणाऱ्याने आणि बघायला वाकलेल्या इंटर्नने, तिघांनीही पॅक उघडण्याआधी तो नाकावर चढवायचा.